चौथ्या गाण्यातलं हसू

नवऱ्याने बायकोचं काय काय चोरावं याला काही सुमार असतो. आमच्या ह्यांनी माझी मतं चोरली. चोरली म्हणजे गोड बोलून विचारून घेतली, खिशातल्या वहीत उतरवली आणि स्वतःच्या नावाखाली बेचाळीस माणसांत वाटून टाकली. मी आत शेंगा निवडत बसलेली, आणि बाहेर फोनवर माझ्याच बोलण्यावर लाल बदामांचा ढीग पडतोय. मला पत्ता नाही.

खरं म्हणजे मला तेव्हाच संशय यायला हवा होता. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण ह्यांनी मला मत म्हणून कधी विचारलेलं नाही. भिंतींना रंग कुठला द्यायचा ते रंगाऱ्याला विचारलं. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं ते ऑफिसातल्या शिपायाला विचारलं. मोतीबिंदू आधी कुठल्या डोळ्याचा काढायचा हेसुद्धा समोरच्या वहिनींना विचारलं, आणि डोळे माझे होते. माझी शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे मला मत नसणारच असं त्यांनी धरून चाललेलं. आता मी न विचारता रोज चारसहा मतं देतेच, त्यामुळे वेगळं मागायची त्यांना गरज पडली नसेल, तेही एक आहे.

हे पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. अक्षर असं की नळ बंद होणार असल्याची नोटीससुद्धा लोक कौतुकाने वाचत. त्या नोकरीत, संसारात आणि आता निवृत्तीत त्यांनी एकच गोष्ट मनापासून केली: एका गायकाची भक्ती. ह्यांचं एक चाहते मंडळ आहे, हे त्याचे अध्यक्ष. मंडळात त्या गायकाला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे 'आपले' म्हणतात. आपल्यांचा घसा बसलाय, आपले परदेशी गेलेत, आपल्यांनी केस काळे करायचे सोडले. नवी नवरी असताना ह्यांनी मला एकदा सांगितलं, संध्याकाळी आपले येणारेत. मी पाच माणसांचा स्वयंपाक जास्त केला. आपले रेडिओवर आले, बावीस मिनिटांत गेले, आणि आम्ही दोघं तीन दिवस तेच जेवलो.

आपले गात असले की घरात काय चालायचं नाही याची यादी मला पाठ आहे. कुकर लावायचा नाही. पंखा दोनच्या पुढे न्यायचा नाही. खोकला आला तर गॅलरीत जायचं. एकदा ह्यांची सख्खी बहीण दोन पिशव्या घेऊन दारात उभी होती, पण अंतरा चालू होता म्हणून ह्यांनी तिला हाताने थांबवलं. ती जी थांबली, ती पुढची दोन वर्षं आलीच नाही.

असो. तर आपल्यांनी अकरा वर्षांनी नवा अल्बम काढला. आठ गाणी. मुलाने आणलेला खोक्यासारखा स्पीकर ह्यांनी टीपॉयवर ठेवला आणि फोनला जोडला. मंडळाचा एक नियम आहे. नवं गाणं आलं की पहिला अभिप्राय अध्यक्षांचा. अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिल्याशिवाय कोणी 'छान' म्हणायचं नाही आणि 'बरं' तर नाहीच. गाणी एकेक करून, क्रमाने, रोज एक. बेचाळीस माणसं घरोघर गाणं ऐकून तोंड मिटून बसतात आणि आमच्या ह्यांच्या वहीकडे डोळे लावतात.

पहिल्या दिवशी गाणं संपलं आणि हे स्वयंपाकघराच्या दारात आले. मला वाटलं चहा हवा असेल. तर विचारतात, तुला कसं वाटलं?

मी सुरी खाली ठेवली. माणसाला बरं आहे ना, हे आधी बघून घेतलं. मग म्हटलं, पाहुणा चपला काढता काढताच आपलं गाऱ्हाणं सांगायला लागतो ना, तसं आहे. बस, पाणी पी, मग बोल. हे हं म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाण्यानंतर पुन्हा दारात. मी म्हटलं, आवाज म्हातारा झालाय, पण पूर्वी तो आपण किती गोड आहोत हे दाखवायचा, आता नुसतं काय झालं ते सांगतो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, मागे ते व्हायोलिन वाजतंय ते नव्या सुनेसारखं आहे, सगळ्या कामांत पुढे आणि कुणी सांगितलेलं नसताना. हे तिन्ही वेळा हं म्हणाले. मला आपलं बरं वाटत होतं. म्हटलं, उशिरा का होईना, माणसाला कळलं की घरात आणखी एक डोकं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी सूनबाई फोन घेऊन आली. म्हणाली, आई, बाबांचं केवढं कौतुक चाललंय ग्रुपवर. आणि तिने वाचून दाखवलं. पाहुणा, चपला, गाऱ्हाणं. आवाज म्हातारा झालाय. व्हायोलिन आणि सून, तेवढं वाचताना ती जरा अडखळली. शब्द न शब्द माझा. खाली ह्यांचं नाव आणि 'अध्यक्ष'. मंडळात एक संगीतशिक्षिकाबाई आहेत, चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेल्या, कुणाचं सहसा ऐकून न घेणाऱ्या. त्यांनी लिहिलं होतं की अध्यक्षांचं हे रूप आजवर आम्हाला दिसलं नव्हतं. दिसणार कसं? ते रूप आत कांदा चिरत होतं.

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी कुतूहल आलं आणि ते दारातच ठाण मांडून बसलं, रागाला आत येऊ देईना. कारण हा माणूस आपल्यांबद्दल बोलायला लागला की दोन तास थांबत नाही. लग्नात अंतरपाट धरलेला असताना... जाऊ द्या, तो विषय वेगळा. मुद्दा असा की ज्याच्याकडे स्वतःची एवढी मतं पडून आहेत, तो माझी का नेतो? ऐकत नाही की काय? स्पीकर लावून पेंगतो की काय? मी दाराच्या फटीतून बघितलं. पेंगत नव्हते. खुर्ची टीपॉयला चिकटवून, स्पीकरवर तळहात ठेवून, पेशंटची नाडी बघावी तसे बसले होते. तोंड मात्र असं, की पेशंटचं काही खरं नाही.

मग मी एक गळ टाकला. दुपारी हे दारात आले, चौथं कसं वाटलं म्हणून. मी म्हटलं, गाणं राहू द्या हो, मधेच ती मागे लहान मुलगी हसते ना, ते मला फार आवडलं.

चौथ्या गाण्यात कोणी हसत नाही. मुलगी नाही, मोठी बाई नाही, कोणी नाही. एक माणूस गातो आणि एक जण तंबोऱ्यासारखं काहीतरी छेडतो, बस. मला वाटलं हे म्हणतील, अगं मुलगी कुठली? म्हणजे ऐकतात हे कळेल. हे हं म्हणाले आणि वही काढली.

संध्याकाळी सूनबाईने वाचलं. 'चौथ्या गाण्यात मागे एक बालिका हसते. त्या हास्यात सगळं गाणं आहे. — अध्यक्ष.' खाली बदाम. आणि बदामांच्या खाली मंडळ. शिंपीकाका म्हणून एक आहेत, मशिनवर बसून दिवसभर आपलेच ऐकतात. त्यांनी लिहिलं, मी आधीच ऐकलं होतं पण अध्यक्षांच्या आधी बोलणं बरं नव्हे. आणखी एकाने लिहिलं, ते हसणं ऐकून आमच्या मंडळींचे डोळे भरून आले. संगीतशिक्षिकाबाईंनी लिहिलं की हास्य तीनदा आहे, मात्र दोन वेळा ते केवळ जाणकारांना ऐकू येईल. रात्रीच्या जेवणापर्यंत चौदा जणांनी मुलगी ऐकलेली होती.

मी एक मुलगी गाण्यात सोडून दिली होती आणि ती आता घरोघर हसत फिरत होती.

दोन दिवसांत वाद लागला. शिंपीकाका म्हणत हसणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर आहे. बाई म्हणत तीन मिनिटं दहावर. दोन तट पडले. कोणीतरी लिहिलं, काही लोकांना ऐकताच येत नाही. त्यावर दुसऱ्याने मंडळ सोडलं, मग परत आला, कारण सोडल्यावर पुढे काय चाललंय ते वाचता येईना. शेवटी ठरलं की रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी एकत्र जमायचं, चांगल्या मोठ्या स्पीकरवर गाणं लावायचं आणि अध्यक्षांनी नेमक्या जागी बोट वर करायचं. ते बोट म्हणजे शेवटचा निकाल.

हे सांगताना ह्यांचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, जमेल ना? हे हं म्हणाले. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे मी गळ टाकला हे सांगायचं, आणि आधी त्यांनी चोरी कबूल करायची की आधी मी, यावर माझं मन अडून बसलं. मानी स्वभाव हा एक रोगच आहे. आमच्या घरात तो दोघांना आहे.

जमायचं कुठे? आमच्या सोसायटीचं तळमजल्यावर सभागृह आहे. सभागृह म्हणजे सायकली ठेवायची खोली, सायकली काढल्यावर. सेक्रेटरींकडे अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणजे असा माणूस की जिना चढतानासुद्धा नियम बघून चढतो. अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' अशी जागा होती. ह्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'ऐकणे'. सेक्रेटरींनी रजिस्टर काढलं. सभागृहाचे मान्य उपयोग चार: सर्वसाधारण सभा, घरगुती समारंभ, व्यायाम आणि शोकसभा. ऐकणे त्यात नाही. सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. घरगुती समारंभाला आचाऱ्याचं पत्र लागतं. व्यायामाला सगळ्यांनी उभं राहिलं पाहिजे, आणि मंडळात गुडघे धड असलेले तिघंच. शोकसभेची परवानगी मात्र लगेच मिळते, कारण तिची आगाऊ नोटीस कोणाला देता येत नाही.

तेव्हा शोकसभा. पण त्या अर्जात 'दिवंगताचे नाव' अशी रेघ होती आणि रेघ रिकामी चालत नाही. अर्जदाराचं नाव वर एकदा लिहून झालंच होतं. सेक्रेटरींनी रेघ भरायची म्हणून तेच खाली उतरवलं, सही घेतली, शिक्का मारला. ह्यांनी सही करताना वाचलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढलेला माणूस.

शनिवारी सकाळी खाली फळ्यावर आलं: उद्या दहा वाजता शोकसभा, आणि पुढे ह्यांचं पूर्ण नाव. मला काहीच ठाऊक नाही. साडेआठला बेल वाजली. मी मोरीत होते, हे उघडायला जातील म्हणून थांबले. बेल पाचदा वाजली तरी हे बाहेरच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. ही ह्यांची अलीकडची खोड. बेल वाजो, कुकरच्या शिट्ट्या होवोत, जागचं हलायचं नाही. शेवटी मी ओरडले तेव्हा ह्यांनी दार उघडलं. दारात समोरच्या वहिनी, पदर तोंडाला लावून. ह्यांना बघून त्यांनी जी किंकाळी फोडली, ती तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. मग दिवसभर माणसं येत राहिली. जिवंत आहेत असं कळल्यावर काहींनी आनंद दाखवला, काहींना तो दाखवायला जरा वेळ लागला. एक गृहस्थ तर म्हणाले, फळ्यावर शिक्का आहे, एकदा ऑफिसात विचारून घ्या. खाडाखोड करायला सेक्रेटरी तयार नाहीत, कारण मग अर्ज नव्याने करावा लागेल आणि शनिवार-रविवार ऑफिस बंद. हे म्हणाले, राहू दे, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. माझं कुंकू त्या फळ्यावर चोवीस तास लोंबकळत होतं, याचं कुणाला काही नाही.

स्पीकरबद्दल प्रत्येकाने सल्ला दिला. शिंपीकाका म्हणाले, भिंतींवर जाड कापड लावा, आवाज घुमतो, आणि घरून पडदे घेऊन आले. वायरमन म्हणाला, भिंतीतलं बटण जळेल, लांबून वायर ओढतो, आणि ती सगळ्या खुर्च्यांच्या खालून ओढली. ह्यांची एकच मागणी होती, स्पीकर आपल्या खुर्चीजवळ हवा, हाताला लागेल असा. आवाजाचा गाभा हाताला कळतो म्हणे. ते वाक्य मंडळातल्या तिघांनी लिहून घेतलं. पण संगीतशिक्षिकाबाईंनी ऐकलं नाही. आवाज वरून खाली यायला हवा, असं त्यांचं शास्त्र. स्पीकर समोरच्या भिंतीवर उंच टांगला. ह्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा गाडी सुटलेल्या माणसासारखा झाला. मला वाटलं, एवढं काय त्यात.

रविवारी दहाला मंडळाची सतरा माणसं आली. शिवाय फळा वाचून शोकाला आलेले पाच जण आले, त्यांना घालवून कसं देणार? ते मागच्या रांगेत मान खाली घालून बसले. सेक्रेटरी रजिस्टर मांडीवर घेऊन दाराशी. मी चहाचं सामान घेऊन बाजूला, ह्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर.

गाणं लागलं. आवाज खरंच चांगला होता. हे पुढे एकटे, डोळे अर्धवट मिटून, मान हळूहळू डोलवत. मंडळ ह्यांच्या मानेकडे बघून मान डोलवत होतं. एक मिनिट गेलं, दीड गेलं. मागच्या रांगेत एका शोकवाल्या काकांचा पाय आखडला. त्यांनी खुर्ची मागे ओढली. खुर्चीखालची वायर ताणली गेली, आणि गाणं एका शब्दाच्या मध्येच बंद पडलं. स्पीकरवरचा लाल दिवा विझला.

हे डोलतच होते.

मला वाटलं आता कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. शिंपीकाकांनी वर स्पीकरकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा डोलायला लागले. बाईंनी डोळे घट्ट मिटले. सतरा माणसं पडद्यांनी मढवलेल्या खोलीत शांततेच्या तालावर माना हलवत होती. अध्यक्ष डोलतायत म्हणजे काहीतरी चालू असणार, आणि ते आपल्यालाच ऐकू येत नाही म्हणजे आपलाच कान कच्चा. हे दुसऱ्याला कळू नये म्हणून प्रत्येक जण जरा जास्तच डोलत होता.

तेव्हा मी पहिल्यांदा ह्यांच्याकडे नीट बघितलं. डोळे अर्धवट मिटलेले होते, पण नजर खाली होती. मांडीवर डावा हात, बाही थोडी वर सरकलेली, आणि हे घड्याळ बघत होते. सेकंदाचा काटा. दोन मिनिटं चाळीस सेकंदांची वाट बघत होते.

माझ्या हातातलं चहाचं गाळणं तसंच राहिलं. बेल. कुकरच्या शिट्ट्या. स्पीकरवरचा तळहात. हल्ली जेवताना ताट नेहमी माझ्या उजवीकडे मांडायचं, म्हणजे डावा कान माझ्याकडे. आणि ते हं. काहीही विचारा, हं. दोन वर्षं मी ते हं ऐकत होते आणि चिडत होते. नवरा ऐकत नाही याला कोणी आजार म्हणत नाही हो, कुठल्याही घरात म्हणत नाहीत. मी तरी कसं ओळखणार?

ह्यांनी बोट वर केलं. त्या शांततेत शिंपीकाका म्हणाले, वा. मग सगळेच वा म्हणाले. बाई म्हणाल्या, हरले, दोन चाळीसच.

मागून शोकवाल्या काकांनी सेक्रेटरींना विचारलं, बंद पडलंय ना हो? सेक्रेटरींनी मान वर केली, दिव्याकडे बघितलं आणि रजिस्टर उघडलं. आता ते उठून यंत्र बंद असल्याची नोंद मोठ्याने वाचणार, आणि बोट वर केलेला माझा माणूस सतरा जणांसमोर तसाच राहणार, हे मला दिसलं. चाळीस वर्षं ज्याने फक्त एका माणसाला ऐकलं, त्याला ऐकू येत नाही हे सायकलींच्या खोलीत जाहीर होणार होतं.

मी उठले. आधी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर केलेलं बोट हळूच खाली घेतलं. मग मंडळाकडे वळले.

"स्पीकर मघाशीच बंद झालाय. वायर निघालीय, दिवा बघा. आणि चौथ्या गाण्यात कोणी मुलगी हसत नाही. अध्यक्षांनी ती मुद्दाम घातली होती, आपल्या मंडळात खरं ऐकणारं कोण आहे ते बघायला. आता सांगा, कोणाकोणाला ऐकू आली?"

बाईंनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं. शिंपीकाकांनी भिंतीवरचा स्वतःचाच पडदा नीट केला. ज्यांच्या मंडळींचे डोळे भरून आले होते, ते म्हणाले, मंडळी जरा हळव्याच आहेत. मग एकदम शिंपीकाका उठले, ह्यांच्या पाया पडले, आणि म्हणाले, अध्यक्ष, डोळे उघडलेत. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठ वाचायचा प्रयत्न करत. मी मान हलवली, की चालू द्या. हे हं म्हणाले. त्या हंला टाळ्या पडल्या.

वायर जोडली, उरलेली गाणी झाली, चहा झाला. शोकवाल्यांना गाणी आवडली, पुढची शोकसभा कधी म्हणून ते विचारून गेले. आणि मी कप धुऊन वर येते तोवर ग्रुपवर संपूर्ण प्रसंग लिहून आलेला. 'अध्यक्षांची अजोड कल्पना.' सूनबाई म्हणाली, आई, आजवर एवढे बदाम कुणालाच पडले नव्हते. म्हणजे गळ माझा, मुलगी माझी, सुटका माझी, आणि कल्पना पुन्हा ह्यांची. माणसाने किती वेळा लुटलं जावं?

घरात आले तर हे टीपॉयजवळ बसलेले. मी त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची घेतली. मग तेच बोलले. दोन वर्षं झाली म्हणाले. आधी पक्षी गेले, मग बेल, मग बायकांचे आवाज. मी म्हटलं, बायकांचे सगळ्यांचे की माझाच? ते हसले नाहीत. म्हणाले, अकरा वर्षं वाट बघितली या अल्बमची. लावला, तर वरच्या मजल्यावर कोणीतरी पेट्या सरकवतंय असं ऐकू आलं. आठही गाणी तशीच. मंडळाला काय सांगू? मग तू आत गुणगुणताना दिसलीस. तू मोठ्याने बोलतेस, समोर उभं राहिलं की डाव्या कानाने आणि ओठांवरून तुझं तेवढं कळतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं असतं तर तू डॉक्टरांकडे नेलं असतंस. डॉक्टर म्हणाले असते, आता येणार नाही, तर? न विचारता निदान थोडं येईल असं वाटत राहतं.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, त्यातलं निम्मं ओरडण्यासारखं होतं. ह्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली, आणि खाली बघतच विचारलं, चौथं गाणं खरं कसं आहे गं?

मी वही त्यांच्या हातातून घेतली, मिटली, माझ्या कमरेला खोचली. मग त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि समोरच्या वहिनींनासुद्धा नीट कळेल अशा आवाजात सांगितलं.

"चौथं गाणं आठांत सगळ्यात चांगलं आहे, आणि त्याबद्दल मी तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही. उद्या नऊ वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, ते देतील ते यंत्र गुमान लावायचं, आणि ते गाणं तुम्ही स्वतः ऐकायचं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन कसं वाटलं ते मला सांगायचं. मी हं म्हणेन, आणि ते मंडळात माझ्या नावावर जाईल."